सोलापुरातल्या मंडळ्या, बदललेली घरं आणि पाळकाचा आठवडा

लष्करची_लेक

सर्वांना सलाम.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या एका प्रस्तावावर चर्चा चालू आहे. रविवारी संध्याकाळी तरुणांसाठी वेगळी उपासना सुरू करायची. गिटार, ड्रमसेट, हिंदी-इंग्रजी गीतं, शब्द पडद्यावर, संदेश (प्रवचन) वीस मिनिटांत. साउंड सिस्टीम आणि प्रोजेक्टरचं कोटेशनही आलंय. मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीवर आहे. पुढच्या बैठकीत मत द्यायचंय, म्हणून हा धागा.

गिटारला माझा विरोध नाही. तरुण येत नाहीत हेही खरं आहे. पण काळाबरोबर बदलायला हवं असं म्हणताना काळ नेमका कुठे बदललाय हे कुणी पाहतंय का? मला तो घराघरात बदललेला दिसतो.

मुलं बारावीनंतर पुण्याला जातात. शिकतात, नोकरीला लागतात, आधी भाड्याने राहतात आणि मग तिथेच हप्त्यावर घर घेतात. मागे आईवडील. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत आपली कितीतरी घरं अशी आहेत, जिथे सत्तरीतलं जोडपं किंवा एकटी बाई राहते. दिवसभरात बोलायला कामवालीशिवाय कुणी नाही. पूर्वी ही कुटुंबं लष्कर, रेल्वे लाइन्स अशी एकमेकांना लागून राहायची. कुणी आजारी पडलं तर सांगावं लागत नसे. आता जायचे-यायचे रिक्षाचे पैसे मोजून लोक उपासनेला येतात, आणि ज्या रविवारी नळाला पाणी यायचं असतं त्या रविवारी येतही नाहीत. चार-चार दिवस पाण्याची वाट पाहणाऱ्या सोलापूरकराला याचं कारण वेगळं सांगायला नको.

दुसरं, लग्नं. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या. स्थळ मंडळीच्या ओळखीतून येईल याची वाट त्या पाहत नाहीत. जोडीदार हिंदू असतो, बौद्ध असतो, कधी दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती असतो. काही लग्नं मोडतात. मोडलं की ती मुलगी गायनवृंदातून हळूच बाजूला होते. तिला "ये" म्हणायला तिच्या घरी कुणी गेलं, असं मी फार क्वचित पाहिलंय.

आणि आपल्या पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, आठवडा कसा जातो? उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, समितीच्या बैठका, शाळेच्या बैठका, मिळकतीचे कागद, कोर्टाच्या तारखा. घरभेटी तेवढ्या राहून जातात. माणूस वाईट नाही, वेळ उरत नाही.

मिशनच्या काळात बायबल बाई असत. घरोघरी जाणाऱ्या, बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, बाळंतपणात आणि दुखण्यात हजर राहणाऱ्या. ते काम कधी बंद पडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझी सूचना अशी आहे: साउंड सिस्टीमच्या पैशात एक प्रशिक्षित स्त्री सेविका नेमावी. पूर्ण पगारी, सोमवार ते शनिवार. तिने एकटे ज्येष्ठ, नवी जोडपी, मोडलेली लग्नं आणि बाहेरगावी गेलेली मुलं एवढंच पाहायचं.

तुमच्या मंडळीत काय चाललंय ते लिहा. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

जुनी_मिल

ताई, विषय चांगला काढलात. मी वयाने मोठा आहे म्हणून आधी संगीताचं बोलतो.

आमच्या पिढीतले बरेच जण गिटार परकी म्हणून नको म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडची सुरुवातीची गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली होती, तेव्हा परकं काय ते ठरवणं अवघड आहे. अहमदनगरला कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाचा बाज उचलला आणि येशूची कथा वीणा-मृदंगावर सांगायला सुरुवात केली. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ साली ते वारले. मधल्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी ओव्या, अभंग, पदं यांतून मराठी मंडळीला तिचा स्वतःचा सूर दिला. आज आम्ही ज्याला आपली जुनी पद्धत म्हणतो ती त्या काळात ऐकणाऱ्यांना नवीच होती.

पण त्यांचं नवेपण कुठल्या दिशेने गेलं ते बघा. ते पाटावर बसलेल्या बाईकडे गेलं, शेतकऱ्याकडे गेलं. आताचा प्रस्ताव मराठीकडून हिंदी-इंग्रजीकडे निघालाय. माझी नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. बायबल मराठीत उघडलं तर त्यांना अडखळत वाचावं लागतं. उद्या संध्याकाळची उपासना सुरू झाली की ती सकाळच्या उपासनेला येणारच नाहीत. आजोबा सकाळी आणि नातू संध्याकाळी. एका छताखाली दोन मंडळ्या होतील आणि एकमेकांची नावंही कळणार नाहीत. मला ड्रमपेक्षा याची काळजी जास्त आहे.

सेविकेच्या सूचनेला माझा पाठिंबा. मी स्वतः एकटा राहतो. मुलगा रोज फोन करतो, तक्रार नाही. पण प्रार्थना करायला कुणी समोर बसावं असं वाटतं.

हडपसरहून

लष्करची_लेक ताई, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातलाच मी.

काका, मला मराठीच हवी आहे. इथे पुण्यात मी एका मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये जातो, पण मनातून प्रार्थना निघते ती मराठीतच. तरी तिथे का जातो ते सांगतो. पहिल्याच दिवशी एकाने नाव विचारलं, बुधवारी त्याचा फोन आला, शनिवारी आम्ही सहा-सात जण एकाच्या खोलीवर जमलो. वचन वाचलं, मग प्रत्येकाने आठवडा कसा गेला ते सांगितलं. एकाची नोकरी जायच्या बेतात होती, एकाच्या घरी लग्नावरून अबोला होता. त्यावर प्रार्थना झाली. बस एवढंच. बँड होता, पण बँडसाठी मी थांबलो नाही.

ज्या मंडळीत माझं दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं तिथून मी निघालो तेव्हा कुणी विचारलं नाही की कुठे राहणार, पुण्यात कुठल्या चर्चला जाणार. वर्गणीची पावती मात्र घरी वेळेवर जाते. हे रागाने लिहीत नाही. मला खरंच वाटतं की सोलापूरच्या मंडळीने पुण्यातल्या आपल्या मुलांची यादी करावी आणि महिन्यातून एकदा पाळकांनी किंवा मंडळीतल्या कुणी वडीलधाऱ्यांनी पुण्यात येऊन आम्हाला भेटावं. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी रात्री परत जाता येतं. जागा आम्ही देतो, जेवण आम्ही करतो.

आणि संदेशाबद्दल. बायबलमधल्या दाविदाच्या राज्याबद्दल, यहुद्यांच्या बाबेलच्या बंदिवासाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते ऐकायला मला आजही आवडतं. पण सोमवारी ऑफिसात साहेब खोट्या आकड्यावर सही मागतो तेव्हा काय करायचं, हे व्यासपीठावरून कधी ऐकलं नाही. बंदिवासात दानिएल परक्या राजाच्या नोकरीतच होता की! तिथून इथपर्यंत आणायला पाळकांना आमच्या नोकऱ्या माहीत पाहिजेत, आणि त्या माहीत व्हायला आमच्यात बसायला पाहिजे.

सुरेल_सोलापूर

मी तरुण संघात संगीत बघतो, त्यामुळे प्रस्ताव कुणाचा असेल याचा अंदाज आहे आणि त्यांची बाजू मांडतो.

तुम्ही सगळे असं लिहिताय की गिटार वाजवणारी मुलं एकीकडे आणि घरभेटी दुसरीकडे. आमच्या मंडळीत लॉकडाऊनमध्ये, मार्च २०२० नंतर, उपासना युट्यूबवर आणली ती याच मुलांनी. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून एकत्र जोडायचे. आजी-आजोबांच्या घरी मास्क लावून जाऊन फोनमध्ये सगळं लावून देत होते. चर्चचं दार बंद असताना मंडळी त्यांनी धरून ठेवली. दार उघडल्यावर त्यांना काय काम मिळालं? खुर्च्या मांडायचं आणि नाताळात कॅरल राऊंडला जायचं.

त्यांना एक तास त्यांच्या सुरात द्या. एवढं मागणं फार नाही. ज्याला वाजवायला मिळतं तो टिकतो, आणि जो टिकतो तोच पुढे कुणाच्या तरी घरी जातो. भाषेबद्दल काकांचं म्हणणं मान्य. टिळकांची पदं गिटारवर फार सुंदर बसतात, आम्ही बसवलीयत. ती ऐका आणि मग ठरवा.

अक्कलकोट_रस्ता

+१ सुरेल.

आता आमच्याकडचं सांगतो ओ. आमच्या भागात यंत्रमाग आहेत, बिडीकाम आहे. माणूस रात्रपाळी करून सकाळी सहाला घरी येतो, त्याला नऊच्या उपासनेला ये म्हणून कसं चालंल? बायकांना हजारी (हजार विड्या) पुरी करून कारखान्यात विड्या द्यायच्या असतात, त्या मान खाली घालून पानं कापत बसलेल्या असतात. आमची प्रार्थना रात्री साडेनऊला, कुणाच्या तरी घरी. गाणी तेलुगूत, वचन मराठीत, साक्ष, म्हणजे देवाचा आपला अनुभव, कुणाला कन्नडमध्ये द्यायची असंल तर कन्नडमध्ये. सोलापुरात हे काय नवीन नाही. गल्लीत आम्ही तिन्ही भाषा बोलतोच की.

आधी आमची दोन-चार घरं मोठ्या चर्चला जायची. आता बहुतेक छोट्या स्वतंत्र फेलोशिपला (प्रार्थना गटांना) जातात. लोक म्हणतात, तिथं नुसता आरडाओरडा आणि चमत्कार. मला सगळं पटत नाही तिथलं, आजारी माणसाची गोळी बंद करा म्हणणारे भेटले तर मी स्वतः भांडलोय. पण लोक का गेले? रात्री बाराला पोराला ताप चढला तर तिथला सेवक मोटारसायकल काढून येतो. दवाखान्यात नेतो, बाहेर बसून राहतो. मोठ्या चर्चला आम्ही मागच्या बाकावर बसायचो आणि कुणी विचारायचं नाही कुठून आलाव.

ताईंची सेविका आमच्याकडं येणार असंल, रात्री येणार असंल, तर उपयोग. नाहीतर ती पण विजापूर रोडवरच फिरंल.

लष्करची_लेक

@अक्कलकोट_रस्ता, दादा, माझ्या यादीत फक्त फ्लॅटमधली माणसं होती हे तुमच्यामुळे दिसलं. रात्रीच्या वेळेचा विचार कामाच्या स्वरूपातच घालायला हवा.

@सुरेल, पैसे एकदाच आहेत, म्हणून एक की दुसरं असा प्रश्न आला. आहे त्या साहित्यात संध्याकाळची उपासना सुरू होऊ शकते का? खर्च न वाढवता?

सुरेल_सोलापूर

होऊ शकते. दोन मुलांकडे स्वतःच्या गिटार आहेत, कहोन (हाताने वाजवायचा पेटीसारखा ड्रम) मी आणतो. प्रोजेक्टर नसला तरी चालेल, गीतं फोनवर टाकू. पण समितीने "होय, करा" असं मनापासून म्हणायला हवं. भीक दिल्यासारखं नको.

वॉर्डातली_सिस्टर

नर्स म्हणून तीन गोष्टी लिहिते. थोडं कडक वाटेल.

एक. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थना-विनंत्या येतात. "अमुक ताईंच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिला असा असा आजार झाला आहे, रिपोर्ट सोबत." रिपोर्टचा फोटो! ग्रुपवर दोनशे माणसं. त्या मुलीचं लग्न ठरत असेल, नोकरी असेल, तिला विचारलं का? प्रार्थना करायला देवाला रिपोर्ट लागत नाही. हेतू चांगला असतो म्हणून कुणी बोलत नाही, पण त्यामुळे काही जणी आता आजार मंडळीपासून लपवतात हे मी स्वतः पाहिलंय. ज्या माणसांकडे आधाराला जायचं त्यांच्यापासूनच लपवायचं, याहून वाईट काय असेल?

दोन. उदासीनता, झोप न येणं, जगावंसं न वाटणं. असं कुणी सांगितलं की पहिलं उत्तर मिळतं, "विश्वास कमी पडतोय, जास्त प्रार्थना कर." आधीच खचलेल्या माणसाला आपण आणखी एक दोष चिकटवतो. पाळकांनी सोबत प्रार्थना करावीच, पण त्याच बैठकीत डॉक्टरचं नाव सांगावं, जमलं तर बरोबर जावं. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. हा नंबर चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळांच्या शेजारी लावा. औषध आणि प्रार्थना यांच्यात भांडण लावणं ही आपली परंपरा नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला तो प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच चालवला. आपल्या किती आया-मावश्या तिथे नर्सिंग शिकल्या.

तीन. सेविका नेमाल तर तिला ऐकायला शिकवा. बोलणारे खूप आहेत.

वकीलबाई_सात_रस्ता

सिस्टरना पूर्ण अनुमोदन. लग्नाबद्दल धागाकर्तीने लिहिलंय, त्यात थोडी भर घालते. माझ्याकडे येणाऱ्या आपल्या लोकांना स्वतःचा कायदाच माहीत नसतो.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर चर्चमध्ये लग्न होऊच शकत नाही असा समज आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लागू होतो. चर्चचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, तो भाग पाळकांचा आणि वरच्या अधिकाऱ्यांचा. पाळक नाही म्हणाले तर मुलं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात जातात. तिथे तीस दिवसांची नोटीस लागते. त्या तीस दिवसांत दोन्ही घरांत जे होतं ते मी जवळून पाहते. आरडाओरड, धमक्या, आईचं जेवण सोडणं. अशा वेळी दोन्ही घरं ज्याचं ऐकतील असा एक माणूस लागतो. बऱ्याचदा तो पाळक होऊ शकतो, पण त्याने दार आधीच लावून घेतलेलं असतं. आशीर्वाद द्यायचा की नाही हा प्रश्न नंतर. बसून बोलायला काय हरकत आहे?

घटस्फोट. आपला कायदा १८६९ चा. २००१ पर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणं दिली आणि परस्पर संमतीचा मार्गही दिला. ही दुरुस्ती व्हावी म्हणून ख्रिस्ती स्त्रियांनी अनेक वर्षं झगडा केला. कायदा बदलून दोन दशकं उलटली, मंडळीतली नजर मात्र जुन्याच कायद्यावर चालते. मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रभू त्याचं मन बदलेल" असं सांगणं बंद करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिच्यासाठी आहे. आधी ती सुरक्षित जागी पोचू दे, समेटाचं नंतर बघता येईल.

आणखी एक, संडे स्कूलबद्दल. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "मंडळीचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही, लपवणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षक नेमताना चौकशी करा, मुलांबरोबर कुणी एकटं राहणार नाही असा लेखी नियम करा. शहरातल्या प्रत्येक मंडळीने हे या वर्षीच करावं असं मी कळकळीने सांगते.

सिद्धेश्वरकर

मी ख्रिस्ती नाही, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. चालेल ना?

माझी आजी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकली. तिच्या वाड्यात वाचता येणारी ती पहिली बाई. त्यामुळे आमच्या घरात तुमच्या लोकांबद्दल आदर आहे. पण आज वातावरण बदललंय हे तुम्हालाही माहीत आहे. कुणी गरिबाच्या घरी रात्री प्रार्थनेला गेलं की लगेच धर्मांतराची कुजबुज सुरू होते. सेविका घरोघर फिरणार म्हणताय, त्याकडे शेजारी कसं पाहतील याचा विचार केलाय का?

तालुक्याचा_पाळक

सिद्धेश्वरकर, जरूर लिहा. तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि तालुक्यात मला तो रोज भेटतो.

माझं उत्तर असं आहे. श्रद्धा सांगण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे आणि मी येशूबद्दल बोलायला लाजत नाही. पण भुकेल्या माणसाला भाकरी देताना त्याच्या हातात अट ठेवली, तर ती सेवा राहत नाही आणि ती सुवार्ताही राहत नाही. माझ्या भागात कुणाला दवाखान्यात नेतो तेव्हा त्याचा धर्म विचारत नाही आणि परत येताना त्याला चर्चचं आमंत्रणही देत नाही. त्याने विचारलं तर सांगतो.

आपल्याच शहराच्या इतिहासात याचा धडा आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती झाल्या, आणि त्यातल्या एका वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तिथे मनापासून राबणारी माणसं होती याबद्दल मला शंका नाही. शाळा होती, काम होतं. पण त्या लोकांना हजेरी द्यावी लागत होती, मनाला येईल तेव्हा बाहेर जाता येत नव्हतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्याला नाही म्हणायची मोकळीक नाही त्याची सेवा करताना आपणही पहारेकरी होतो, असं मला त्या इतिहासातून वाटतं. म्हणून सेविकेच्या बाबतीत पहिला नियम हा ठेवा: बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि मंडळीबाहेरच्या घरी गेली तर तिने शेजाऱ्यांच्या देखत, उघड्या दाराने बसायचं.

आता माझ्या बाजूचं थोडं. पाळक घरभेटी देत नाहीत ही तक्रार खरी आहे. माझ्याकडे एका गावाची मंडळी नाही, अनेक गावं आहेत, त्यांतल्या काहींत चार-पाच घरंच. मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळतं असं नाही. शेतकरी मंडळी हंगामाच्या सणाला धान्य आणते, भरभरून आणते, पण मुलाची फी धान्यात भरता येत नाही. तीन-चार वर्षांनी बदली होते आणि ज्या घरांची दुःखं मला माहीत झाली ती घरं मागे राहतात. पाळकाचं मन कुणाजवळ मोकळं होणार? समितीजवळ नाही, कारण तीच त्याचा अहवाल लिहिते. मी एका ज्येष्ठ निवृत्त पाळकांना दर महिन्याला भेटतो, दोन तास बोलतो. ते नसते तर मी हे काम सोडलं असतं. तुमच्या समितीने आपल्या पाळकांना आठवड्यात एक पूर्ण सुट्टी आणि असा एक माणूस द्यावा. ते थकलेले असतील तर दहा सेविका नेमूनही भागणार नाही.

स्त्रियांच्या नेमणुकीबद्दल एवढंच सांगतो की फक्त घरभेटीपुरती बाई आणि व्यासपीठ पुरुषाचं, असं करू नका. आपल्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. शेजारच्या दक्षिण भारतीय मंडळीने (चर्च ऑफ साउथ इंडियाने) २०१३ साली एका स्त्रीला, पुष्पा ललिता यांना, बिशप केलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी सगळं बायबल स्वतः मराठीत आणलं, आपण त्याच रेल्वेमार्गावरचे लोक आहोत. सेविकेला महिन्यातून एकदा तरी संदेश द्यायला उभं करा. सोमवार ते शनिवार घराघरात जे ऐकलं, ते नावं न घेता तिच्या संदेशात उतरेल. हडपसरच्या भावाला जो संदेश हवाय तो तिच्याकडूनच यायची शक्यता जास्त.

सिद्धेश्वरकर

पाळकसाहेब, उत्तर मनाला लागलं. एक सुचवतो. चर्चचे हॉल आठवडाभर बंद असतात. आपल्या शहरात स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासिकेला महिन्याला पैसे मोजतात, शिवाय जागा मिळत नाही. हॉल अभ्यासिका म्हणून सर्वांना उघडा. दार उघडं असलं की कुजबुज कमी होते.

जुनी_मिल

हे उत्तम. आमच्या हॉलला पंखे आहेत, बाकं आहेत. किल्ली माझ्याकडे असते. सकाळी सात ते रात्री नऊ मी बसायला तयार आहे, नाहीतरी घरात एकटाच असतो. आणि सुरेल, तुमची टिळकांची पदं मला ऐकायचीत. संध्याकाळची उपासना सुरू झाली तर मीही येणार, नातवंडांना घेऊन. म्हाताऱ्यांना मनाई नाही ना?

सुरेल_सोलापूर

काका, तुम्ही या आणि एक पद तुम्हीच सांगा. जुन्या चाली आम्हाला ऐकून शिकायच्यात, त्या कुठे लिहिलेल्या मिळत नाहीत.

लष्करची_लेक

सर्वांची आभारी आहे. बैठकीत मी या गोष्टी मांडणार: साउंड सिस्टीमची खरेदी थांबवून संध्याकाळची उपासना आहे त्या साहित्यावर सुरू करावी, एका वर्षासाठी सेविका नेमावी आणि तिच्या वेळात रात्रीच्या घरभेटी धराव्यात, व्हॉट्सॲपवर संमतीशिवाय कुणाचा आजार लिहू नये, संडे स्कूलचा लेखी नियम व्हावा, पाळकांची सुट्टी ठरावी. हडपसरचा पहिला मेळावा कधी घ्यायचा ते भावाने कळवावं. अभ्यासिकेचं मी आज आमच्या पाळकांशी बोलते.

अडचण एकच आहे. समितीत पहिला प्रश्न पैशाचा येणार. एक वर्षानंतर पगार कुठून द्यायचा? कोटेशनची रक्कम वर्षभर पुरेल, पुढे नाही.

हडपसरहून

आम्ही इथे सोलापूरचे बरेच जण आहोत. दर महिन्याला थोडं थोडं यूपीआयने पाठवू. अट एकच, हे पैसे वेगळ्या खात्यात जावेत आणि तिमाही हिशेब फलकावर लागावा. हिशेब दिसला की दान वाढतं, आमच्या पिढीचं तरी असंच आहे.

वकीलबाई_सात_रस्ता

वेगळं खातं विश्वस्त संस्थेच्या नावानेच काढा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे घेऊ नका. सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे ते वार्षिक लेखापरीक्षणात यायला हवं. सेविकेला लेखी नेमणूकपत्र द्या. त्यात पगाराची तारीख, प्रवासभत्ता, साप्ताहिक सुट्टी, रात्री जाताना सोबत कोण असेल, आणि तिची तक्रार ऐकायला समितीबाहेरची एक स्त्री, एवढं तरी असावं. मसुदा मी करून देते, बैठक कधी आहे ते कळवा.

अक्कलकोट_रस्ता

रात्रीच्या सोबतीला आमच्या गल्लीतल्या दोघी तयार आहेत. आत्ताच विचारून आलो. तेलुगू येणारी बाई बघा फक्त.